मधले चाळीस मैल

१

मैलबाईला कुणी विचारलं, की इथून अमुक विमानतळ किती लांब, तर ती आधी आकडा सांगायची आणि मग विचारणाऱ्याची ओळख करून घ्यायची. तिचं कामच ते. विमान कंपनीच्या नियोजन कक्षात बसून ती उड्डाणांचे आराखडे करायची. कुठून निघायचं, वाटेत कोणकोणत्या बिंदूंवरून जायचं, किती मैल, किती तास, किती इंधन. आकाशात रस्ते नसतात, पण कागदावर असतात, आणि ते एकेका बिंदूला धरून पुढे जातात. मैलबाई हे नाव ऑफिसातल्या कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. नवरा त्याच कंपनीत वैमानिक, त्यामुळे नाव घरापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो लाडात आला की मैलबाई म्हणायचा आणि चिडला की जास्तच मैलबाई म्हणायचा.

घरात हे दोघं, सात वर्षांची चिमणी आणि सासूबाई. नणंद मात्र जगाच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून वर्षभरापूर्वी कंपनीने नेमका त्या टोकाचा मार्ग सुरू करायचं ठरवलं, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. आराखडा मैलबाईच्याच टेबलावर आला.

वाटेत चोवीस बिंदू होते. तिने एकेका तुकड्याचे मैल भरले आणि बेरीज केली. सात हजार तीनशे बहात्तर. मग दोन विमानतळांमधलं थेट अंतर मोजलं. सात हजार चारशे बारा. म्हणजे चाळीस मैलांचा फरक.

फरक पडतो, त्यात नवल नाही. पण तो पडायला हवा उलटा. वळणंवळणं घेत जाणारी वाट लांब आणि नाकासमोरची वाट जवळ, हे शेंबडं पोरही सांगेल. इथे नाकासमोरची वाटच चाळीस मैल जास्त भरत होती. मैलबाईने तीनदा बेरीज केली, तीनदा मोजणी केली. दोन्ही बरोबर, आणि तरी दोघांचं एकमेकांशी जमत नाही. असं नवराबायकोचं होतं, आकड्यांचं होत नाही.

पहिलं उड्डाण दुसऱ्याच दिवशी होतं आणि दोन आकडे जुळल्याशिवाय कॉम्प्युटर आराखडा घेत नव्हता. अशा वेळेसाठी त्या कक्षात एक जुनी युक्ती होती. तिला सगळे 'ठिगळ' म्हणत. कुठेतरी मधे एक खोटा बिंदू घालायचा, न जुळणारे मैल त्याच्या नावावर टाकायचे, काम पुढे ढकलायचं आणि मग सवडीने चूक शोधून ठिगळ काढून टाकायचं. मैलबाईने पंधराव्या आणि सोळाव्या बिंदूच्या मधे, जिथे खाली नुसता समुद्र, तिथे ठिगळ लावलं. त्याला चाळीस मैल दिले, पाच मिनिटं दिली, आणि चहा प्यायला गेली.

सवड काही आली नाही. ती कुणाला येते?

२

खटकली ती गोष्ट अगदी चांगली होती. हे विमान कधी उशिरा येत नव्हतं.

आराखड्यात प्रवासाचा वेळ चौदा तास दहा मिनिटं. पण आराखड्यातला वेळ म्हणजे लग्नपत्रिकेतला मुहूर्त. वारा समोरून आला तर अर्धा तास जास्त, पाठीमागून आला तर वीस मिनिटं कमी. सगळ्या मार्गांचं असंच असतं. या मार्गाचं नव्हतं. मैलबाईने एके दुपारी सहज म्हणून वर्षभराच्या नोंदी उघडल्या. चौदा दहा. चौदा दहा. चौदा दहा. तीनशेच्या वर उड्डाणं आणि मिनिटाचाही फरक नाही. मार्चमध्ये एकदा असा वारा सुटला होता, की शेजारच्या मार्गावरची विमानं तास तास उशिरा आली. त्या दिवशीही चौदा दहा.

तिने वरिष्ठांना दाखवलं. त्यांना सगळे पाठीमागे होकायंत्र म्हणत, कारण कुठूनही वळवले तरी ते एकाच दिशेला तोंड करत. ती दिशा म्हणजे कंपनीचे मुख्य अधिकारी.

"अहो, याबद्दल आपलं कौतुक झालंय वर," होकायंत्र म्हणाले. "वक्तशीरपणाचं प्रमाणपत्र मिळालंय. बघा, तिथे भिंतीवर लावलंय."

"पण साहेब, वाऱ्याने खाल्लेला वेळ कुठेतरी भरून निघायला हवा ना? कुठून निघतो तो?"

"वैमानिक वेग वाढवत असतील."

"इंधन तेवढंच लागतंय. वेग वाढवला तर जास्त लागेल."

होकायंत्रांनी चष्मा काढून पुसला. "मैलबाई, विमान उशिरा आलं तर लोक ओरडतात. वेळेवर आलं म्हणून ओरडणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

ती जागेवर येऊन बसली. नोंदींत प्रत्येक बिंदू पार केल्याची वेळ असते. पंधराव्या बिंदूपर्यंत वाऱ्याचा हिशेब बरोबर दिसत होता, विमानं कधी पुढे, कधी मागे. सोळाव्या बिंदूवर मात्र सगळी अगदी नेमक्या वेळी हजर. जे काही भरून निघत होतं ते त्या मधल्या तुकड्यात, आणि तिथे तर तिच्या ठिगळाशिवाय काहीच नव्हतं. तिला वाटलं, कॉम्प्युटरच त्या खोट्या बिंदूपाशी वेळ जुळवून घेत असेल. तेवढ्यापुरतं ते पटलंही. पण विमान उतरतं ते कॉम्प्युटरमध्ये नाही, धावपट्टीवर उतरतं, हे घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं.

३

नवऱ्याच्या बुटांचं तिने आधी मनावर घेतलं नव्हतं. वाढदिवसाला नवे बूट घेऊन दिले होते, चांगल्या चामड्याचे. या नव्या मार्गावर तीन फेऱ्या झाल्या आणि तळवे झिजून पार कागदासारखे झाले.

"बसून विमान चालवतोस की ढकलत नेतोस?" तिने विचारलं.

तो हसला. "दुकानदाराने गंडवलं तुला."

दुकानदार गंडवतात, ते तर खरंच. मग दाढी. निघताना तो गुळगुळीत दाढी करून जायचा, तिकडून परत निघतानाही करायचा, अंगवळणच पडलं होतं. आणि घरी यायचा तो आठवड्याचे खुंट घेऊन. नुकताच विमानातून उतरलेला, गणवेश अंगावर, आणि गालावर पांढरे-काळे खुंट. आळस केला असेल, असं मैलबाईने ठरवलं. ठरवायला काय लागतं?

सासूबाईंनी मात्र एक दिवस त्याच्या पुढ्यात चहा ठेवता ठेवता त्याचं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं.

"अरे, चाळीस तरी झाली का तुला?"

"अडतीस, आई."

"मग माझ्या बरोबरीचा का दिसायला लागलास?" त्या हसत म्हणाल्या. नंतर स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ चालू होता, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

त्या संध्याकाळी मैलबाईने त्याला सरळ विचारलं. तो पलंगावर पालथा पडला होता.

"मधे काय असतं रे? पंधराव्या बिंदूच्या पुढे?"

"काय असणार? ढग. कंटाळवाणा पट्टा आहे तो. सगळे गप्प होतात."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं." मग तो कुशीवर वळला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "पाचच असतील. मी काही मोजत नाही. तूच मोजतेस ना?"

तिला भीती वाटली, आणि कशाची वाटली ते सांगता येईना. नवरा तिच्याशेजारी धडधाकट झोपला होता, आणि तिला मात्र तो फार दिवसांनी भेटल्यासारखं वाटत होतं.

४

सुट्टी लागली तशी चिमणी आत्याकडे गेली. नेलं तिला आजीनेच, दुसऱ्या कंपनीच्या विमानाने, दोन ठिकाणी थांबत थांबत. आजी तिकडेच महिनाभर राहणार आणि चिमणी शाळेसाठी परत येणार, ती बाबांच्या विमानातून. बाबा विमान चालवतात ते आतून बघायचं, हा तिचा हट्ट वर्षभराचा.

चिमणी यायच्या दोन दिवस आधी मैलबाई कॅन्टीनमध्ये एकटीच बसली होती. विमानांची सफाई करणाऱ्या मावशी समोर येऊन टेकल्या. त्या बोलक्या होत्या, तोंडाचा पट्टा सुरू झाला की जेवणाची सुट्टी संपेपर्यंत थांबत नसे. आज मात्र गप्प होत्या.

"काय झालं मावशी?"

"ताई, तुम्ही शिकलेल्या. एक सांगा. विमानात कुणी नखं कापतं का?"

"असेल एखादा विचित्र."

"एखादा नाही हो. त्या लांबच्या विमानात झाडायला गेलं, की सीटच्या खालून नखं निघतात. मूठमूठभर निघतात. लहान पोरांचीसुद्धा असतात, बारीक बारीक." मावशींनी बोटाच्या टोकाने केवढी ते दाखवलं. "बाकीच्या विमानांत नाही. त्याच एका. मुकादमाला सांगितलं तर म्हणतो, झाडा आणि गप्प बसा."

मैलबाईने हातातला कप खाली ठेवला. चौदा तासांत माणसाचं नख किती वाढतं, याचं उत्तर तिला पाठ नव्हतं, पण मूठभर वाढत नाही एवढं कळत होतं.

तिने नणंदेला फोन लावला. घंटा वाजत असताना ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. चिमणीला त्या विमानात बसवू नका, कारण विमान वेळेवर येतं. कारण त्यात नखं सापडतात. कारण माझी बेरीज चुकत नाही. हे ऐकून नणंद काय म्हणेल ते तिला घंटेबरोबरच ऐकू येत होतं.

फोन चिमणीनेच उचलला. "आई, बाबा म्हणाले मला पुढे बसवणार! खिडकीतून ढग दिसतात म्हणे, नुसते ढग! मी वही घेतलीय, सगळं काढणार आहे."

"बरं," मैलबाई म्हणाली. "जेवलीस का?"

५

चूक तिची होती, तिनेच निस्तरायची होती. जे काय व्हायचं ते ठिगळापाशी होत होतं, तर ठिगळच नको. दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणीच्या उड्डाणाचा आराखडा पाठवायचा होता. मैलबाईने दार लोटून घेतलं, आराखडा उघडला आणि तो खोटा बिंदू खोडला. पंधराव्यानंतर थेट सोळावा. कॉम्प्युटर लगेच कुरकुरला, की बेरीज चाळीस मैल कमी पडते. मग तिने थेट अंतराचा आकडाच बदलला. चारशे बाराच्या जागी तीनशे बहात्तर. दोन्ही जुळले. आराखडा हिरवा झाला.

तिला इतकं हलकं वाटलं, की ती खुर्चीत मागे रेलून हसली.

होकायंत्रांची सही लागायची. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं आणि ते बोट मधेच थांबलं.

"ठिगळ काढलंत?"

"हो साहेब. वर्ष झालं. चूक होती ती."

"चूक सापडली?"

मैलबाईने सहीच्या जागेवर पेन ठेवलं.

"म्हणजे चूक सापडली नाही, नुसतं ठिगळ काढलंत." ते पहिल्यांदाच कुठल्याच दिशेला तोंड न करता बोलत होते. "मला शिवणकामातलं काही कळत नाही, मैलबाई. पण ठिगळ काढलं म्हणून भोक बुजतं का?"

"मग काय करायचं होतं?"

"मला काय विचारता? चालत्या गाडीला खीळ तुम्ही घातलीत." एवढं म्हणून त्यांनी सही केली. प्रश्न त्यांनी तिला विचारायला नको होता, आणि विचारला होता तर सही करायला नको होती. पण आराखडा हिरवा होता, आणि हिरव्या आराखड्यावर सही न करायला कारण द्यावं लागतं.

पुढे तासभर मैलबाई ठिगळ परत लावावं की नाही याच विचारात होती. दोनदा तिचा हात कीबोर्डवर गेला. लावलं तर मूठभर नखं. न लावलं तर काय, ते माहीत नाही. माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल माणूस चांगलंच गृहीत धरतो. तिनेही धरलं. तोवर आराखडा विमानात पोचला होता.

६

विमान आपल्या इकडच्या घड्याळाने पहाटे दोनला दहा कमी असताना तिकडून उडालं. उतरणार बरोबर चारला, दुपारी. मैलबाई आठ वाजताच ऑफिसात येऊन बसली.

विमानाचं काम साधं असतं. बिंदू पार केला की ते नोंद पाठवतं, आणि शिवाय दर अर्ध्या तासाला 'सर्व ठीक' म्हणून आपणहून एक नोंद पाठवतं. आतल्या माणसांना त्यासाठी काही करावं लागत नाही. बारावा बिंदू आला. तेरावा. चौदावा. वारा समोरून होता, विमान अकरा मिनिटं मागे होतं, आणि ते मागे आहे हे बघून मैलबाईला बरं वाटलं. विमानाने कसं विमानासारखं वागावं.

पंधरावा बिंदू अकरा वाजून पाच मिनिटांनी पार झाला.

त्याखाली लगेच एक ओळ आली. सर्व ठीक, अकरा पाच. ठीक आहे, ती अर्ध्या तासाची नोंद. तिच्याखाली आणखी एक. सर्व ठीक, अकरा पाच. आणखी एक. मैलबाई पुढे झुकली. ओळी वर सरकू लागल्या, एकाखाली एक, सगळ्या सारख्या, मग इतक्या भराभर की वाचता येईनात, पडदा नुसता राखाडी झाला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा टिकटिकत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती, कारण पडद्याकडे बघवत नव्हतं. सव्वाअकरा झाले. अकरा वीस.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "यंत्र अडकलंय. बंद करून चालू कर."

"हात लावू नकोस," ती ओरडली. कक्षातल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

अकरा बावीसला ओळी थांबल्या. शेवटी एकच नवी ओळ आली. सोळावा बिंदू पार, अकरा बावीस. विमान मिनिटाचाही उशीर न करता वेळेवर होतं. सर्व ठीक.

पडद्याच्या कोपऱ्यात आलेल्या नोंदींची संख्या होती. चार लाख अडतीस हजार दोनशे. अर्ध्या तासाला एक नोंद, म्हणजे दिवसाच्या अठ्ठेचाळीस. मैलबाईने पेन्सिल घेतली, कागदावर मोठा आकडा लिहिला, डाव्या बाजूला अठ्ठेचाळीस लिहिले, भागाकाराची रेघ ओढली. असले भागाकार ती गेली बारा वर्षं तोंडी करत आली होती. तिने पेन्सिल आडवी ठेवून दिली आणि कागदावर हात ठेवला.

"यंत्रच अडकलं होतं," ती सहकाऱ्याला म्हणाली.

"मी काय म्हणत होतो?" तो म्हणाला आणि त्याने तिच्या देखत त्या नोंदी पुसून टाकल्या.

तिने विमानाला निरोप पाठवला. चिमणी कशी आहे? उत्तर बऱ्याच वेळाने आलं. कोण, एवढंच त्यात होतं. घाईत असेल, तिने स्वतःला सांगितलं. नाहीतर उत्तर दुसऱ्याच कुणीतरी दिलं असेल.

७

विमान चारला टेकलं. मैलबाईला होकायंत्रांनी एक फालतू तक्ता भरायला थांबवलं होतं, त्यामुळे ती आगमनाच्या दाराशी पोचली तेव्हा साडेचार होत आले होते. कठड्याशी ही गर्दी. ती कोपराने वाट काढत पुढे गेली आणि दोन्ही हातांनी कठडा धरून उभी राहिली.

काचेचं दार सरकलं, की माणसं बाहेर यायची आणि दार मिटायचं. कुणी धावत येत नव्हतं. कुणी फोन काढत नव्हतं. दाराबाहेर पाऊल टाकलं की प्रत्येक जण थबकून वर दिव्यांकडे बघायचा, मग जमिनीकडे, आणि मागच्यालाही घाई नसायची. एक म्हातारा हातातला चिठ्ठीवरचा पत्ता पुन्हा पुन्हा वाचत होता. घ्यायला आलेली माणसं नावांच्या पाट्या उंच धरून होती आणि आलेली माणसं त्या पाट्या शेजारून ओलांडून जात होती. कठड्याच्या या बाजूला कुणीतरी हसत म्हणालं, "ही काय वरात आहे का?"

मैलबाई त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत नव्हती. तिला सात वर्षांची मुलगी शोधायची होती, आणि सात वर्षांची मुलगी माणसांच्या कमरेच्या उंचीवर असते. ती कमरेच्या उंचीवर बघत राहिली. पिशव्या, कोटांची टोकं, सैल लोंबणारे हात. दार सरकत होतं, मिटत होतं. त्या अख्ख्या विमानातून एकही लहान मूल बाहेर आलं नव्हतं.

गणवेशाची बाही दिसली. तिच्यावरच्या सोनेरी पट्ट्या उसवून लोंबत होत्या. ती बाही कुणाच्या तरी आधाराने सावकाश पुढे आली. आधार देणारी एक बाई होती, एवढं मैलबाईला पायांवरून कळलं. ते पाय अनवाणी होते. पुढे येऊन ते तिच्या अगदी समोर थांबले.

मैलबाईने त्यांच्या मागे बघितलं, बाजूला बघितलं, दारापर्यंत बघितलं. लाल फ्रॉक घातला असेल का? आत्याने नवा घेतला होता म्हणे. ती पुन्हा पहिल्यापासून एकेक जण बघायला लागली.

तिच्या हाताशेजारी कठड्यावर एक हात येऊन टेकला. मोठ्या बाईचा हात होता, शिरा वर आलेला, रापलेला.

"आई," वरून आवाज आला. मग तो आवाज थांबला, जणू पुढचा शब्द फार दिवसांत वापरला नव्हता. "किती वेळ उभी आहेस गं?"

"पाच मिनिटं," मैलबाई म्हणाली आणि चिमणीला शोधत खालीच बघत राहिली.